पंचवीस सेकंदांचा हिशेब

ताशी १३० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर पुढे जाते. नागपूरमधून जाणाऱ्या काही मार्गांवर गेल्या काही वर्षांत हा वेग आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर स्थानकावरून बिलासपूरसाठी वंदे भारत निघाली, पुढे सिकंदराबाद आणि पुण्याच्या गाड्याही आल्या. प्रवासाचे तास वाचले याचा आनंद सगळ्यांनाच आहे आणि तो रास्तही आहे. मात्र या वेगासाठी रूळ रोज तपासावे लागतात, सैल झालेल्या क्लिपा ठोकाव्या लागतात, स्लीपरखालची गिट्टी सारखी करावी लागते. हे काम करणारा माणूस आजही पायीच आहे आणि तो त्याच रुळांवर उभा असतो.

पूर्वी त्याला गँगमन म्हणत, नंतर ट्रॅकमन म्हणू लागले, आता कागदोपत्री तो ट्रॅक मेंटेनर आहे. नाव दोनदा बदलले, पण सकाळी हातोडा, पाना, लाल-हिरवे झेंडे आणि धोक्याचे फटाके घेऊन आपल्या पट्ट्यात निघणारा कीमॅन फारसा बदललेला नाही. मध्य रेल्वेचा आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, असे दोन्ही नागपूर विभाग याच शहरातून चालतात. वर्धा, बल्लारशा, इटारसी, गोंदिया, छिंदवाडा या दिशांना पसरलेल्या त्यांच्या हजारो किलोमीटर रुळांवर रोज अशी माणसे असतात. सिग्नलवाले असतात, ओव्हरहेड वायरवाले असतात, ठेकेदाराचे मजूर असतात. गाडी येते आहे हे त्यांना वेळेवर कसे कळते, हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटतो. खरे तर तो डोळ्यांचा, कानांचा आणि मेंदूचा प्रश्न आहे. या स्तंभात त्याची चर्चा करण्याचे कारणही तेच.

आधी घडलेले पाहू. १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे, पावणेसहाच्या सुमारास, नाशिक जिल्ह्यातील लासलगावजवळ रुळांवर काम करणाऱ्या चार ट्रॅकमनना टॉवर वॅगनने उडवले. चौघेही गेले. टॉवर वॅगन म्हणजे ओव्हरहेड वायर दुरुस्त करणारी रेल्वेचीच गाडी. ती त्या मार्गावर नेहमीच्या उलट दिशेने येत होती, असे तेव्हाच्या वृत्तांत होते. वर्षभरातच, २२ जानेवारी २०२४ रोजी रात्री नऊच्या सुमारास, वसई रोड आणि नायगावदरम्यान सिग्नलचा बिघाड दुरुस्त करणारे पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलखाली सापडले. त्यातील एक तर सिग्नल विभागाचा निरीक्षक दर्जाचा अनुभवी माणूस होता. २ नोव्हेंबर २०२४ रोजी केरळमधील शोरनूरजवळ भारतपुळा नदीच्या पुलावर कचरा वेचणारे चार कंत्राटी सफाई कामगार केरळ एक्स्प्रेसच्या धडकेत मरण पावले. ही तीच केरळ एक्स्प्रेस, जी दिल्लीहून निघून नागपूरमार्गे जाते.

अशा प्रत्येक घटनेनंतर दोन वाक्ये हमखास छापून येतात. एक, ‘गाडी आल्याचे लक्षात आले नाही’. दुसरे, ‘निष्काळजीपणा झाला असावा’. पहिले वाक्य खरे आहे, दुसऱ्याकडे मात्र फार घाईने जाऊ नये. वीस-वीस वर्षे रुळांवर काढलेल्या माणसाला गाडीची भीती नसते असे नाही. त्याच्या लक्षात का येत नाही, याची उत्तरे विज्ञानाकडे आहेत आणि ती बऱ्याच काळापासून आहेत.

डोळ्यापासून सुरुवात करू. रुळांच्या मध्ये उभे राहून समोरून येणारे इंजिन पाहिले, तर ते डावीकडे-उजवीकडे सरकत नाही, फक्त आकाराने वाढत जाते. डोळ्याला वेग कळतो तो मुख्यतः आडव्या हालचालीवरून. सरळ अंगावर येणाऱ्या वस्तूचा वेग मेंदू तिची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते यावरून ओळखतो, आणि इथेच घात होतो. इंजिनाची रुंदी साधारण सव्वातीन मीटर. एक किलोमीटरवर ते हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या जाडीच्या पाचव्या भागाएवढे दिसते. अर्ध्या किलोमीटरवर आले, म्हणजे १३० च्या वेगाने पोचायला केवळ १४ सेकंद उरले, तरी ते करंगळीच्या निम्म्यापेक्षा कमीच, पौर्णिमेच्या चंद्राहून लहान. त्यानंतरच्या ११ सेकंदांत ते पाचपट होते, आणि तेव्हा ते १०० मीटरवर असते. उरतात तीन सेकंदांहूनही कमी. म्हणजे ‘गाडी लांब आहे’ असे वाटण्याचा काळ मोठा आणि ‘गाडी आली’ असे वाटण्याचा काळ अगदी छोटा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरील अपघातांचा विचार करताना आणखी एक गोष्ट मांडली होती. मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा हळू चालल्यासारखी भासते. आकाशातले मोठे विमान तरंगत असल्यासारखे वाटते, तसेच. वंदे भारत आणि मालगाडी लांबून सारख्याच निवांत दिसतात, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

मग कान? जुन्या लोकांना आठवत असेल, रुळांच्या जोडांवरून चाके जाताना खडखडाट होई आणि तो लांबून ऐकू येई. आता रूळ वेल्डिंगने जोडून सलग केलेले आहेत. इंजिने विजेची आहेत, डिझेलचा घरघराट नाही. प्रवाशाला जो प्रवास शांत वाटतो तो रुळांवरच्या माणसालाही शांतच ऐकू येतो. गाडीचा बराचसा आवाज चाक आणि रूळ यांच्या घर्षणाचा असतो, आणि गाडीच्या नाकासमोर उभ्या असलेल्याला तो बाजूला उभ्या असलेल्यापेक्षा उशिरा जाणवतो.

त्यात विदर्भाच्या हवामानाची एक खोड आहे. तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. मे महिन्याच्या दुपारी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी तापलेली असते. गरम हवेत ध्वनीचा वेग जास्त, म्हणून ध्वनीलहरी खालच्या तापलेल्या थरातून वरच्या बाजूला वळतात. परिणाम असा की काही अंतरापलीकडे जमिनीवरच्या माणसासाठी ध्वनीची जणू सावली तयार होते. पहाटे किंवा हिवाळ्याच्या रात्री याच्या उलट होते. जमीन थंड, वरची हवा उबदार, आवाज खाली वाकतो आणि दूरच्या स्टेशनवरचा भोंगाही स्पष्ट ऐकू येतो. रात्री घराच्या गच्चीवर झोपणाऱ्या नागपूरकरांना हा अनुभव आहे. तोच भोंगा, तेच अंतर, पण जानेवारीच्या पहाटे ऐकू येणारा आवाज मेच्या दुपारी दोन वाजता ऐकू येईलच असे नाही. शिवाय त्याच दुपारी रुळांवरची हवा थरथरत असते, लांबचे इंजिन पाण्यात पडलेल्या प्रतिमेसारखे हलते. डोळा आणि कान एकाच वेळी कमी पडतात.

आणि कामाचा स्वतःचा आवाज असतोच. रूळ कापणारे यंत्र, गिट्टी ठोकणारे यंत्र, ड्रिल. त्याहून मोठा धोका शेजारच्या रुळावरच्या गाडीचा. वणी-चंद्रपूरकडून येणारी कोळशाची मालगाडी साधारण ७०० मीटर लांब असते. ती ६० च्या वेगाने बाजूने जायला ४० सेकंदांहून अधिक लागतात. तेवढा वेळ ट्रॅकमनला दुसरे काहीही ऐकू येत नाही आणि एका बाजूचे काही दिसतही नाही. याच वेळात दुसऱ्या रुळावरची १३० च्या वेगाची गाडी दीड किलोमीटर अंतर कापते. म्हणजे मालगाडी सुरू झाली तेव्हा जी नजरेच्या पलीकडे होती, ती मालगाडी संपेपर्यंत अंगावर येते. एका गाडीपासून वाचण्यासाठी माणसे बाजूच्या रुळावर सरकतात आणि तिथे दुसरी गाडी गाठते, या प्रकारचे मृत्यू रेल्वेत नवे नाहीत. वर्धा ते नागपूर तिसरी आणि चौथी लाइन, इटारसीकडे तिसरी लाइन, राजनांदगावकडे तिसरी लाइन, ही सगळी कामे विदर्भाला हवीच आहेत. पण दोनाचे चार रूळ झाले की सुरक्षित बाजू दूर जाते, आणि कोणत्या रुळावर कुठून गाडी येईल याचा अंदाज आणखी अवघड होतो.

आता हिशेब करू. अमेरिकेत १९९७ पासून लागू असलेला नियम सांगतो, की गाडी पोचण्याच्या किमान १५ सेकंद आधी प्रत्येक कामगार सुरक्षित जागी उभा असला पाहिजे. सुरक्षित जागी पोचायला, म्हणजे इशारा कळणे, मान वर करणे, हत्यार रुळातून काढणे, शेजाऱ्याला हाक मारणे आणि गिट्टीवरून तोल सांभाळत बाहेर पडणे, याला दहा सेकंद धरू. सब्बल घट्ट बसलेली असेल तर दहाही पुरणार नाहीत. एकूण २५ सेकंद. १३० च्या वेगाने हे अंतर होते ९०० मीटर. सरळ, सपाट रुळावर, स्वच्छ हवेत ९०० मीटर दिसू शकतात. तीगाव-चिचोंडा किंवा धाराखोह-मरामझिरीच्या घाटात ते दिसत नाहीत. वळणावर, कटिंगमध्ये जिथे २०० मीटरच दिसतात, तिथे हातात साडेपाच सेकंद असतात. गाडी थांबेल ही आशा ठेवण्यातही अर्थ नाही. या वेगाच्या गाडीला आपत्कालीन ब्रेक लावूनही थांबायला एक किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंतर लागते. लोको पायलट फक्त भोंगा वाजवू शकतो. चमकदार नारिंगी जॅकेटमुळे त्याला माणूस लवकर दिसतो, पण जॅकेट माणसाला गाडी दाखवत नाही.

यावर रेल्वेचे पारंपरिक उत्तर म्हणजे लुकआउट मॅन. टोळी काम करते, एक जण बाजूला उभा राहून दोन्ही दिशांना पाहतो, गाडी दिसली की शिटी वाजवतो. कल्पना चांगली आहे, पण ती माणसाच्या लक्ष देण्याच्या ताकदीवर उभी आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर पाणबुड्यांच्या खुणा शोधणाऱ्या सैनिकांकडून काही वेळाने चुका का होतात, हे शोधण्याचे काम ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांच्याकडे आले. त्यांनी घड्याळासारखी एक तबकडी केली. काटा एक-एक टप्पा सरके आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी ओळखायची. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पहिल्या अर्ध्या तासातच ओळखण्याचे प्रमाण घसरते. हे तरुण, प्रशिक्षित, कामाला प्रामाणिक लोक होते. काहीच घडत नसताना ‘काही घडते का’ हे पाहत राहणे हे मेंदूसाठी सर्वांत कठीण कामांपैकी एक आहे. आणि आपण ते ट्रॅकवर तासन्‌तास करायला सांगतो. मनुष्यबळ अपुरे असले की लुकआउट मॅनच्या हातातही फावडे येते, हे प्रत्येक टोळीच्या मेटला ठाऊक असते. दर अर्ध्या तासाने लुकआउट बदलणे आणि त्याला दुसरे काम न देणे, ही फुकटात होणारी सुधारणा आहे. तीही होत नसेल तर यंत्रांच्या गप्पा कशाला?

ऊन आणि झोप यांचे तर वेगळेच प्रकरण आहे. नागपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेलेला आपण पाहिला आहे. रुळाचे पोलाद हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. पोलाद प्रसरण पावते आणि सलग जोडलेल्या रुळाला जायला जागा नसते, म्हणून तो वाकण्याचा धोका असतो. त्यासाठी रुळाचे तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की उन्हाळी गस्त सुरू होते. म्हणजे ज्या वेळेत शहराचा उष्णता कृती आराखडा सगळ्यांना घरात थांबा म्हणतो, नेमक्या त्याच वेळेत पेट्रोलमनने तापलेल्या गिट्टीवरून चालायचे असते. शरीरातले पाणी थोडेसे कमी झाले तरी लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग मंदावतो. चक्कर येऊन पडण्याच्या कितीतरी आधी हे होते आणि ज्याला होते त्याला ते कळत नाही. आता ट्रॅकवर महिलाही मोठ्या संख्येने आहेत. दोन स्टेशनांच्या मधे स्वच्छतागृह नाही, म्हणून कमी पाणी पिणे हा त्यांचा नाइलाज असतो. मूत्रमार्गाच्या संसर्गाइतकाच हा गाडीखाली येण्याच्या धोक्याशीही संबंधित प्रश्न आहे, हे कुणी जोडून पाहत नाही.

हिवाळ्यात उलट. रूळ आकसतात, वेल्डिंग तुटण्याची भीती असते, म्हणून गस्त रात्रीची. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी मुलांना शाळेत पाठवून, दुपारी शेतावर जाऊन रात्री गस्तीला आलेला माणूस पहाटे तीन-चारला कोणत्या अवस्थेत असेल, याची कल्पना यावरून यावी. त्याच्या हातात कंदील आणि झेंडा आहे, आणि रेल्वेचा नियम त्याच्याकडून पूर्ण सावधपणाची अपेक्षा करतो. गोंदिया-बल्लारशा मार्गाच्या जंगलात तर एक कान गाडीकडे आणि एक कान झाडीकडे ठेवावा लागतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच मार्गावर जुनोनाजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या, वेगमर्यादेची मागणी झाली. योग्यच झाले. मरणारा कीमॅन असतो तेव्हा बातमी आतल्या पानावर दोन परिच्छेदांत संपते, एवढेच इथे नोंदवतो.

तंत्रज्ञान आहे का? आहे. ‘रक्षक’ नावाने ओळखली जाणारी यंत्रणा वॉकी-टॉकीसारख्या रेडिओ लहरींवर चालते. स्टेशनातून गाडी सुटली की पुढच्या पट्ट्यातील ट्रॅकमनच्या अंगावरचे यंत्र वाजते, थरथरते, दिवा लावते. थरथरणे महत्त्वाचे, कारण ते यंत्रांच्या गोंगाटातही जाणवते. अशी साधने मोठ्या प्रमाणावर यायला हवीत, यात शंका नाही. मात्र एक अट आहे आणि ती रेल्वेच्याच दीडशे वर्षांच्या शहाणपणातून येते. सिग्नलची तार तुटली, वीज गेली, तर सिग्नल लाल होतो. बिघाड म्हणजे धोका असे मानणारी ही रचना आहे. अंगावरच्या यंत्राची बॅटरी उतरली, घाटात लहर पोचली नाही, तर ते काय करते? गप्प बसते. आणि गप्प बसणे म्हणजे ‘गाडी नाही’ असाच अर्थ माणूस घेतो. यंत्र मिळण्यापूर्वी तो दर मिनिटाला मान वर करत होता, यंत्र आल्यावर ते कमी होते. म्हणून स्टेशनशी संपर्क सुरू असेपर्यंत यंत्राने हिरवा दिवा दाखवत राहिले पाहिजे आणि संपर्क तुटताच स्वतःहून धोक्याचा इशारा दिला पाहिजे. टेंडरमध्ये ही ओळ आहे की नाही, हे किमतीपेक्षा आधी पाहावे. ट्रॅकमनना जीपीएस ट्रॅकर देण्याचा उत्साह आपण पाहिला आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना घातलेली जीपीएस घड्याळेही आठवत असतील. ती साधने कामगार कुठे आहे हे साहेबाला सांगतात. गाडी कुठे आहे हे कामगाराला सांगणारे साधन ही वेगळी वस्तू आहे. दोन्हींना सुरक्षेचे नाव दिले म्हणून ती एक होत नाहीत.

सुरक्षाशास्त्राचे मूळ सूत्र आणखी साधे आहे. धोक्याचा इशारा देण्यापेक्षा धोका आणि माणूस यांना वेगळे करणे केव्हाही चांगले. रेल्वेत याला ब्लॉक म्हणतात. ठरलेल्या वेळात त्या रुळावर गाडी सोडायचीच नाही. मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक पाठ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रेल्वेच्या सामान्य नियमांत दुरुस्ती करून ‘रोलिंग ब्लॉक’ आणला गेला. देखभालीची कामे ५२ आठवडे आधीपर्यंत आखून त्यासाठी वेळ राखून ठेवायची, अशी ही योजना आहे. कागदावर ती उत्तम आहे. अडचण अशी की नागपूर-वर्धा हा देशातील अत्यंत गजबजलेल्या पट्ट्यांपैकी एक. ब्लॉक दिला की गाड्या उशिरा धावतात, वक्तशीरपणाचा आकडा घसरतो, प्रवासी समाजमाध्यमांवर तक्रारी टाकतात. ब्लॉक नाकारला तर कुठलाही आकडा घसरत नाही. काम मात्र व्हायचेच असते, ते मग दोन गाड्यांच्या मधल्या फटीत होते. कीमॅनची रोजची पाहणी, एखादी क्लिप बसवणे, सिग्नलचा अचानक आलेला बिघाड, ही कामे तर बहुधा चालू रुळावरच होतात. वसईतील तिघे अशाच बिघाडावर गेले होते.

ब्रिटनमध्ये ३ जुलै २०१९ रोजी वेल्समधील मार्गम येथे दोन ट्रॅक कामगार गाडीखाली मरण पावले, तिसरा थोडक्यात वाचला. ते आवाज करणाऱ्या यंत्राने काम करत होते, कानांना संरक्षक लावलेले होते आणि गाडीकडे लक्ष ठेवायला कुणीही नव्हते. चालकाने भोंगा वाजवला, तो वेळेत कळला नाही. त्यानंतर तिथल्या रेल्वे नियामकाने नेटवर्क रेलला सुधारणेच्या नोटिसा बजावल्या. पुढच्या तीन वर्षांत केवळ माणसाच्या नजरेवर विसंबून चालू रुळावर काम करण्याची पद्धत जवळपास मोडीत काढण्यात आली. तिकडचे रूळ कमी, पैसा जास्त, हे सगळे मान्य. पण तिथे दोन कामगारांच्या मृत्यूची स्वतंत्र तपास संस्थेने चौकशी केली आणि अहवाल कुणालाही वाचता येईल असा प्रसिद्ध केला. आपण अडतो ते इथे.

आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त हे पद आहे. ते मुद्दाम रेल्वे मंत्रालयाबाहेर, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवलेले आहे, की चौकशी निःपक्ष व्हावी. मात्र आयुक्तांच्या चौकशीसाठी ‘गंभीर अपघात’ कशाला म्हणायचे याची जी व्याख्या आहे, तिच्यातून रुळावर गाडीखाली सापडलेला रेल्वे कर्मचारी वगळलेला आहे. आयुक्तांना वाटले तर ते चौकशी करू शकतात, पण करावीच लागत नाही. मग विभागीय चौकशी होते. त्यात नियम कुणी मोडला ते शोधले जाते आणि अनेकदा तो मोडणारा मेलेलाच असतो. ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कर्तव्यावर असताना मरण पावले आणि सुमारे ८,७०० जखमी झाले, असे त्यात नमूद आहे. याच काळात रेल्वे अपघातांत दगावलेल्या प्रवाशांपेक्षा ही संख्या मोठी होती. सगळेच ट्रॅकवरचे नव्हेत, पण आकडा डोळे उघडायला पुरेसा आहे. काकोडकर समितीची आठवण रेल्वेचा डबा घसरला की निघते. अहवालातल्या या ओळींची आठवण फारशी निघत नाही. दरवर्षी विभागनिहाय किती ट्रॅक कर्मचारी गाडीखाली आले, किती वाजता, कोणत्या हवामानात, किती तासांच्या ड्युटीनंतर, लुकआउट होता की नव्हता, हे प्रसिद्ध झाले पाहिजे. त्याशिवाय वर मांडलेल्या कारणांपैकी विदर्भात नेमके कोणते अधिक बळी घेते, हे कुणालाच सांगता येणार नाही.

या मोजणीत ठेकेदाराचे मजूर धरले पाहिजेत. शोरनूरच्या पुलावरचे चौघे कंत्राटी होते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यानुसार ठेकेदाराच्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही येत असे, त्यामुळे ‘ते आमचे नव्हते’ हे उत्तर त्या कायद्यालाही मान्य नव्हते. या मजुरांना गाड्यांचे वेळापत्रक ठाऊक नसते, पट्टा ठाऊक नसतो, अनेकदा मुकादमाची भाषाही वेगळी असते. तिसऱ्या-चौथ्या लाइनच्या कामांवर आज विदर्भात अशीच माणसे चालू रुळांच्या शेजारी राबत आहेत.

मोबाइलचे काय, असे कुणी विचारील. रुळांवर फोनवर बोलणे घातक आहे आणि त्यावर बंदी हवीच. पण ‘फोनवर बोलत होता’ हे स्पष्टीकरण जिथे लागू पडत नाही, अशी वर वर्णन केलेली कारणे जास्त आहेत. ती समजायची तर मेलेल्यांपेक्षा वाचलेल्यांना विचारावे लागेल. ‘आज थोडक्यात वाचलो’ हे वाक्य टोळीत दर आठवड्याला कुणी ना कुणी बोलतच असेल. ते लिहून ठेवले तर शिक्षा होईल, म्हणून ते चहाच्या टपरीपलीकडे जात नाही. स्कॉटलंडमध्ये १९९६ मध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाने रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी नाव गुप्त ठेवून अशी माहिती घेणारी व्यवस्था सुरू केली, पुढे ती सगळ्या ब्रिटनमध्ये पसरली. तिला मोठे यंत्र लागत नाही, एक विश्वासू टेबल लागते.

नागपूरला तर हे करायला बाहेर पाहण्याचीही गरज नाही. गोंगाटाचे मापन करणारी ‘नीरी’ इथे आहे. रेडिओ लहरी घाटात कुठे पोचत नाहीत हे मोजू शकणारे ‘व्हीएनआयटी’ इथे आहे. ‘एम्स’ आहे, मेडिकल आहे. खाण कामगारांच्या कानांवर आणि फुप्फुसांवर वर्षानुवर्षे काम करणारी राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्था याच शहरात होती. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेत विलीन झाली. ड्रिलवर राबणाऱ्या खाण कामगाराची श्रवणतपासणी व्हावी, हे तत्त्व आपण फार पूर्वी मान्य केले. यंत्रांच्या गोंगाटात वीस वर्षे काढलेल्या ट्रॅकमनला भोंग्याचा उंच सूर किती डेसिबलला ऐकू येतो, याचीही नोंद त्याच्या वैद्यकीय कार्डावर दृष्टीच्या नोंदीशेजारी असायला हवी. गोंगाटाने आधी उंच पट्टीचेच ऐकणे जाते, आणि माणसाला ते समजत नाही, कारण समोरच्याचे बोलणे त्याला बरेच दिवस ठीक ऐकू येत राहते. दोन्ही विभागांनी येत्या उन्हाळी गस्तीपूर्वी आपल्या कीमॅन, पेट्रोलमन आणि लुकआउट मॅनची श्रवणचाचणी करून घ्यायची म्हटली, तर एका माणसामागे साधारण वीस मिनिटे लागतील. ज्यांचे कान कमी भरतील त्यांना एकट्याने पट्ट्यात पाठवू नये आणि त्यापायी त्यांचा पगार किंवा बढती अडवू नये, नाहीतर तपासणीला कुणी मनापासून येणार नाही.